अकराव्या दिवसानंतर

चेंबूरसारख्या उपनगरात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला हिंदूंच्या सुतकाची ओळख ग्रंथांतून करून घ्यावी लागत नाही. ती शेजारधर्मानेच होते. जुने गावठाण, फाळणीनंतर वसलेली निर्वासितांची वसाहत, कारखान्यांच्या कामगार-वसाहती, चाळी आणि सोसायट्या यांच्या दाटीत आपण भिंतीला भिंत लावून राहतो. पलीकडच्या दारात मृत्यू आला की आपल्या घरातला आवाजही आपोआप खाली येतो. आपण चार पावले स्मशानापर्यंत जातो आणि त्या घरी चूल पेटत नाही म्हणून जेवणाचा डबा धाडतो. अशा घरी वरचेवर जाणे झालेल्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. पत्नी वारली तर पती दहा-बारा दिवस मान खाली घालून बसतो, आलेल्यांचे सांत्वन स्वीकारतो आणि मग हळूहळू कामाला लागतो. पती वारला तर मात्र पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पुसले जाते, हातातील बांगड्या फोडल्या जातात, गळ्यातले मंगळसूत्र आणि पायांतली जोडवी उतरतात. तिचे दिवस कोणी मोजत नाही, कारण ते संपायचेच नसतात.

मृत्यू एकच, घर एकच, मग शोकाचे माप दोन का? या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि त्यातील बरीच पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत. शेजाऱ्याच्या उणिवा मोजण्याच्या हेतूने ती पाने उघडणे हे ख्रिस्ती मनाला शोभणारे नाही. पण त्या इतिहासात आपल्यालाही आपला चेहरा दिसतो, म्हणून तो वाचावयाचा.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. सुतकाच्या मूळ नियमात हा भेद नाही. पतीच्या मृत्यूचे पत्नीला आणि पत्नीच्या मृत्यूचे पतीला आशौच सारखेच, रूढ अर्थाने दहा दिवसांचे, असते. अंत्यविधी करणारा पुरुषही क्षौर करतो, म्हणजे शोकाच्या काळात त्याचेही केस उतरतात. भेद सुरू होतो तो दहा दिवसांनंतर. पुरुषाचे केस पुन्हा वाढतात आणि तो शुद्ध होऊन संसारात परत येतो. स्त्रीला परतीची वाटच ठेवलेली नव्हती. आशौच दोघांनाही होते, वैधव्य मात्र एकटीच्या वाट्याला आले.

याचे कारण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अगदी उघडपणे सापडते. पती वारल्यावर स्त्रीने फुले, मुळे व फळे यांवर राहून देह कृश करावा आणि परपुरुषाचे नावही घेऊ नये, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात, जेमतेम दहा-अकरा श्लोकांच्या अंतराने, पत्नी आधी वारल्यास पतीने काय करावे तेही सांगितले आहे. त्याने तिला अग्निहोत्राच्या अग्नीने दहन करावे आणि नंतर पुन्हा विवाह करून पुन्हा अग्नी स्थापावा. यामागचा विचार यज्ञाच्या सोयीचा आहे. पत्नीवाचून गृहस्थाला अग्निहोत्र चालविता येत नसे, म्हणून पत्नीचे स्थान रिकामे ठेवणे हा धर्मात पडणारा खंड मानला गेला. स्त्रीला पतीवेगळा स्वतंत्र यज्ञच नव्हता, तेव्हा तिच्या बाजूने खंड पडण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता. अशा रीतीने विधुराचा पुनर्विवाह हे कर्तव्य ठरले आणि विधवेचा पुनर्विवाह हे पाप.

शास्त्राने घातलेल्या या पायावर रूढीने पुढची इमारत उभारली. पितृपक्षातील नवमीला 'अविधवा नवमी' म्हणतात. पतीच्या हयातीत वारलेल्या स्त्रियांचे श्राद्ध त्या दिवशी होते. सवाष्णपणी मेलेल्या स्त्रीला हिरवी साडी नेसवून, कुंकू लावून, ओटी भरून निरोप देतात, आणि आयाबाया तिला भाग्यवान म्हणतात. म्हणजे पुरुषाला पत्नी अंतरते ते तिचे भाग्य, आणि स्त्रीला पती अंतरतो ते मात्र तिच्या पायगुणाचे फळ! भाषाही या व्यवहाराला साक्ष आहे. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी मराठीत 'बिजवर' हा शब्द आहे, तिसऱ्यांदा चढणाऱ्यासाठी 'तिजवर' हाही आहे. स्त्रीसाठी असा मांडवातला शब्द नाही. तिच्या वाट्याला आले ते 'बोडकी', 'अवदसा' यांसारखे शब्द, आणि आदरच दाखवावयाचा झाला तर नावामागे 'गं. भा.'. पुरुष मात्र पत्नी जिवंत असो वा नसो, लग्नपत्रिकेत कायम 'श्री.'च राहतो.

याहून बोलकी चाल सवतीच्या टाकाची. बिजवराशी लग्न झालेल्या मुलीच्या गळ्यात मृत सवतीच्या नावाचा छोटासा टाक बांधीत असत. पहिलीच्या आत्म्याने त्रास देऊ नये, ही त्यामागची भीती. ज्याची पत्नी गेली त्याच्या अंगावर तिच्या स्मरणाची एकही खूण नसावी आणि जिने तिला कधी पाहिलेही नाही तिने ते ओझे गळ्यात वागवावे! विधुराच्या वाट्याचा शोकसुद्धा अखेर एका स्त्रीच्याच अंगावर घातला गेला.

या सर्व चालींत कठोर होती ती केशवपनाची. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत विधवेचे केस काढून तिला लाल किंवा पांढरे अलवण नेसवीत. एक वेळचे जेवण, जमिनीवरचे अंथरूण आणि प्रत्येक मंगलकार्यात माजघराचा कोपरा, हे तिचे पुढचे आयुष्य. ठराविक दिवसांनी न्हावी येई आणि पहिल्या दिवसाची विटंबना नव्याने होई. बालविवाहामुळे यांतील कित्येक जणी आठ-दहा वर्षांच्या मुली असत. ज्याच्यासाठी शोक करावयाचा त्याचा चेहराही त्यांना धड आठवत नसे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आधार तपासून दाखविले की, या चालीला वेदांचा पाठिंबा नाही. तिचा मुख्य आधार म्हणजे स्कंदपुराणाच्या काशीखंडातील वचन. विधवेने वेणी बांधली तर परलोकात पतीला बंधन पडते, अशी त्यामागची कल्पना. पुष्कळ उशिरा आलेली एक रूढी सनातन धर्म म्हणून वावरत होती.

ही सारी उच्चवर्णीयांची कहाणी झाली, बहुजन समाजात विधवेला 'पाट' लावण्याची मुभा होतीच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण अर्धेच. बिजवराचे होई ते लग्न, आणि विधवेचा लागे तो पाट. तो बहुधा रात्री, वाजंत्रीवाचून, चारचौघांच्या नजरेआड लागे, आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे. मुभा होती, प्रतिष्ठा नव्हती. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, त्याचे महत्त्व यासाठी की, जे अंधारात होत होते त्याला त्यांनी दप्तरात जागा दिली.

आता एका घराचा प्रसंग पाहू. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी म्हणून ओळखले जात होते. मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील, या धास्तीने वडिलांनी घाईने मुलगी पाहिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रानड्यांचा विवाह अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला. रानड्यांची धाकटी बहीण दुर्गा ही तरुणपणीच विधवा झालेली होती. माझ्या लग्नाची तुम्हांला एवढी घाई, मग माझ्याहून लहान असलेल्या दुर्गेचे काय, अशा आशयाचा प्रश्न रानड्यांनी वडिलांना केला होता. पुढे १९१० साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणींतून या लग्नाची हकिकत आपल्याला कळते. वडिलांपाशी त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, हट्ट होता. रानडे त्या हट्टापुढे नमले. सुधारकांनी आणि सनातन्यांनी दोघांनीही त्यांना बोल लावला, आणि ते शल्य त्यांना जन्मभर टोचत राहिले.

एकाच पित्याची दोन लेकरे, दोघांवरही तारुण्यात एकच आघात. भावासाठी वर्ष सरायच्या आत मांडव पडला, बहिणीसाठी कधीच नाही. पित्याचे प्रेम कमी होते म्हणून हे घडले असे नव्हे. दोन्ही वेळा त्याने आपले कर्तव्यच केले, अशी त्याची समजूत होती. विषमतेचे मूळ माणसाच्या दुष्टपणात असते तर ती दूर करणे सोपे होते. ती सज्जनांच्या कर्तव्यबुद्धीत जाऊन बसते, तेव्हाच ती खरी बळकट होते.

याच काळात वेगळा मार्ग दाखविणारेही निघाले. विष्णुशास्त्री पंडितांच्या खटपटीने १८६९ मध्ये मुंबईत विधवाविवाह झाला आणि त्यापायी अनेकांना बहिष्कार सोसावा लागला. पुढे प्रथम पत्नीच्या निधनानंतर खुद्द विष्णुशास्त्र्यांनी विधवेशीच विवाह केला. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. 'विधुराने विवाह करावयाचा तर विधवेशीच' हा नेम त्यांनी स्वतःला लावून घेतला आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी, म्हणजेच आनंदीबाईंशी, लग्न केले. त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. केशवपन झालेल्या अवस्थेत त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा करीत हिंडल्या, आणि पुढे विचारपूर्वक त्यांनी ती रूढी सोडली. 'माझी कहाणी' या १९२८ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी ते सारे निर्भीडपणे सांगितले आहे.

पण प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला तो बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी गरळ ओकली गेली, तिने ताराबाई पेटून उठल्या. १८८२ साली त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटेसे पुस्तक निघाले. नवरा मेल्यावर बायकोने जे सोसावे असे तुम्ही म्हणता, ते बायको मेल्यावर तुम्ही का सोसत नाही, असा त्यांचा सरळ सवाल आहे. तिचे केस जातात, तर तुमच्या दाढीमिशा का राहतात? दयेची याचना त्यांनी केली नाही, हिशेब मागितला. समकालीनांना ते झोंबले. जोतीराव फुले यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल मारू नये, हा त्याचा हेतू. तेथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलालाच त्यांनी आपला मुलगा मानले, तो यशवंत. त्यांच्याच प्रेरणेने घडलेली एक घटना मुंबईकरांनी विसरू नये अशी आहे. कामगार चळवळीचे आद्य पुढारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मार्च १८९० मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवावयाचा नाही, असे त्या सभेत ठरले. हातावर पोट असणाऱ्या माणसांनी, जो अन्याय त्यांच्या हातून करविला जात होता, तो करण्याचे नाकारले. पंडितांच्या वादसभांतून जे साधले नव्हते, ते सांगण्याचे धैर्य त्या कष्टकऱ्यांनी दाखविले.

पंडिता रमाबाई यांची आठवण ख्रिस्ती वाचकांना वेगळी करून देण्याची गरज नाही. १८८२ साली त्या स्वतः विधवा झाल्या, १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. वर नाव आलेल्या गोदूबाई याच शारदा सदनाच्या विद्यार्थिनी. पुढे केडगावच्या मुक्ती सदनाने दुष्काळातील असंख्य अनाथ मुलींना व विधवांना आसरा दिला. पंडिताबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. तरीही विधवेला सर्वप्रथम अन्न, अक्षर आणि हाताला काम हवे, हे त्यांनी ओळखले. एवढ्यासाठी तरी आपल्या घराघरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जावे.

कायद्याने काय केले, हेही पाहावयास हवे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनी जुलै १८५६ मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्याने विवाहाला मान्यता दिली खरी, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. विधुराने कितीही वेळा लग्न केले तरी त्याच्या जमिनीला धक्का लागत नसे. सुधारणेच्या कायद्यातही दोन मापे राहिलीच. शोकाची विषमता कपाळावर दिसते, पण तिची मुळे पुष्कळदा सातबाऱ्यावर असतात.

आता आपल्या दाराशी येऊ. पवित्र शास्त्राची शिकवण निःसंदिग्ध आहे. पती मरण पावल्यास पत्नी मोकळी आहे, असे संत पौल करिंथकरांस लिहितो. विवाह संस्कारातील वचन वधू आणि वर एकाच शब्दांत देतात, आणि त्याची मर्यादाही दोघांना एकच, मृत्यू. नाईन गावच्या वेशीवर प्रभू येशूने विधवेला आधी धीर दिला आणि मग तिच्या मुलाला उठविले. यरुशलेमेतील पहिल्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती ऐकून घेतली आणि सेवेसाठी सात जण निवडले. युदीथ तर विधवेचा वेश उतरवून आपल्या लोकांना वाचवावयास निघाली.

आणि तरीही आपला इतिहास निष्कलंक नाही. प्राचीन रोमन कायद्यात विधवेने दहा महिने, पुढे वर्षभर, शोक पाळल्यावाचून विवाह केल्यास तिला कलंक लागे. पतीवर मात्र पत्नीसाठी शोक पाळण्याची सक्ती नव्हती. तो कलंक मध्ययुगातील पोपच्या निर्णयांनी दूर केला, ही आपल्या जमेची बाजू. पण १९१७ सालच्या कॅनन कायद्यात असा नियम होता की, एकदा विवाहाचा विधिपूर्वक आशीर्वाद मिळालेल्या स्त्रीला पुढच्या विवाहात तो पुन्हा देता येणार नाही. वर विधुर आणि वधू प्रथमवधू असेल, तर जेथे तशी प्रथा होती तेथे आशीर्वाद मिळे. विवाह दोघांचाही वैध, पण आशीर्वादाच्या बाबतीत विधवा आणि विधुर सारखे नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर हा भेद मावळला, आणि १९८३ सालच्या नव्या संहितेत तो नियम नाही. तो जाऊन अजून फार काळ झालेला नाही.

आणि कायदा गेला म्हणून चाल जाते थोडीच! गोव्याकडील कॅथलिक घरांत विधवेने उरलेले आयुष्य काळ्या कपड्यांत काढण्याची रीत होती. पुरुषाच्या दंडावर काळी फीत असे, तीही ठराविक मुदतीपुरती. काळा आणि पांढरा हे रंग वेगळे, अर्थ एकच. आज ती रीत सैल झाली आहे. पण घरातील लग्नात रोस लावावयास, हळद लावावयास किंवा वधूला चुडा भरावयास आपण विधवा मावशीला पुढे बोलावतो का? की ती स्वतःच मागे सरते आणि आपण ते पाहून न पाहिल्यासारखे करतो? विधुर काका मात्र त्याच मांडवात पाहुण्यांचे स्वागत करीत असतात. उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरापुरते द्यावे.

४ मे २०२२ रोजी, शाहू छत्रपतींच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, जोडवी उतरविणे या चाली आपल्या गावात बंद कराव्यात. दोनच आठवड्यांत, १७ मे रोजी, महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचा कित्ता ठेवला. ठरावाने रूढी एका रात्रीत मरत नाही, हे त्या गावालाही ठाऊक असणार. पण अंत्ययात्रेच्या दिवशी जो हात कुंकू पुसावयास पुढे येतो, त्या हाताला आता गावाचे बळ उरले नाही, हे थोडे नव्हे.

आपल्या धर्मग्रामात ठरावाची गरज नाही. मृतासाठी महिन्याची मिस्सा झाली की आपण घरी परततो आणि त्या घराचे दार लोटले जाते. त्यानंतर जो रविवार येतो, तोच खरा अकरावा दिवस. त्या रविवारी विधवा बहिणीला हाक मारून आपल्या शेजारी बसवावे, पुढच्या लग्नात तिच्या हाती रोसाची वाटी द्यावी, आणि तिने रंगीत साडी नेसली तर कोणी भुवई उंचावू नये. शोक तिचा आहे. तो किती दिवस करावयाचा हे तिचे मन ठरवील, जसे विधुराचे मन आजवर ठरवीत आले आहे.